झाकण

फाटकाजवळचा फळा मी लिहिते.
अक्षर बरं म्हणून नव्हे,
सकाळी सगळ्यांच्या आधी येते म्हणून.
एकसष्ट मुलं, सहा ताया, एक दादा,
सुदामानगरच्या मागच्या गल्लीत भाड्याचा बंगला,
ज्याच्या मालकाला अजून वाटतं
आम्ही इथे शिकवणी घेतो.

फाल्गुनात खडू लवकर संपतो.
'तिसरीतल्या अन्वयाला भाऊ झाला.'
'पळसाची फुलं आणायला सिमरोलला कोण येतंय? गाडीत दोन जागा.'
'जुझरचे आजोबा रविवारी झोपाळा दुरुस्त करतील,
मोठा पाना असल्यास आणावा.'
'मांजर व्यायली आहे, दुसरीने आज व्हरांड्यात बसावं.'
खाली कुणीतरी लिहून जातं: 'आम्हीपण.'
ते मी पुसत नाही.

रंगपंचमीच्या आधीचा शनिवार घरच्यांचा.
ज्याने त्याने एक पदार्थ आणायचा.
रेतीवाल्यांकडून मलिदा,
पाटीदारांकडून ताक, कॅनभर,
मुळ्यांकडून पुरणपोळ्या, सत्तर, मोजून.
ओजसच्या नावाशी खडू थांबला.
दिवाळीपासून त्याची दोन घरं आहेत.
तो मागेच उभा होता, दप्तर एका खांद्यावर.
'दोनदा लिहा,' म्हणाला,
'पण लांब लांब.'
म्हणून आई सातव्या ओळीत
आणि बाबा अगदी तळाला,
जिथे फळ्याचे पोपडे निघालेत.

दोघांनीही साबुदाण्याची खिचडी आणली.
एकमेकांना विचारलं नव्हतं.
विचारणार कोण?
मी पातेली टेबलाच्या दोन टोकांना ठेवली,
तर पाटीदारांच्या आजीने
ताकाला जागा पाहिजे म्हणून
सगळं ढकलत ढकलत आणलं,
आणि ती दोन पातेली कानाला कान लावून बसली.
एकीत लिंबू, ओलं खोबरं.
दुसरीत जिरावण, वर शेव, तळाला जरा लागलेली.
ओजसने दोन्ही घेतल्या,
मधे पुरणपोळी उभी केली भिंतीसारखी,
आणि आधी भिंत खाऊन टाकली.

ते दोघं नव्या झोपाळ्याशी उभे होते.
'फी?'
'भरली.'
एवढंच ऐकलं मी. तेवढंही ऐकायला नको होतं.
मग अन्वयाचा भाऊ रडला,
त्याला सगळ्यांनी पाळीपाळीने घेतलं,
त्यात तेही दोघं आले.
बाळाला काय, खांदा म्हणजे खांदा.

संध्याकाळी सतरंज्या झटकताना
एक झाकण राहिलेलं दिसलं. स्टीलचं, सपाट.
त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
'चि. पराग व चि. सौ. कां. मृदुला यांस
रेगे कुटुंबाकडून.'
तारीख घासून गेलेली.

फळ्यावर मी नाव घातलं नाही.
'एक झाकण सापडलं आहे.
ज्याचं असेल त्याने न्यावं.'
आई सोमवारी आली, वाचलं,
'आमचं नसणार,' म्हणाली, न विचारता.
बाबा गुरुवारी आला,
वाचलं, परत वाचलं,
स्कूटरला किक मारली.

गेर होऊन गेली.
पोरांच्या कानांमागे आठवडाभर गुलाबी राहिलं.
वरच्या दोन ओळी रोज बदलल्या,
झाकणाची ओळ तशीच,
पुसट, मग आणखी पुसट.

चैत्रात माठ आला.
कुंभाराने दिलेली झाकणी रिक्षातच फुटली.
मी कपाटातून हे काढून ठेवलं.
बसतं म्हणावं तर थोडं हलतं,
कुणी पाणी घेतलं की खुळखुळतं,
ऑफिसात मला कळतं.

मधल्या सुट्टीत ओजस येतो,
ओगराळ्याने पाणी घेतो, दोनदा.
झाकण परत ठेवताना उलटं ठेवतो,
अक्षरं आतल्या बाजूला,
पाण्याकडे.

आज ती जुनी ओळ मी पुसली.
लिहिलं: 'माठ भरलेला आहे.'